जन्म मस्कतचा, रांग भारताची: एच-४ वरील जोडीदाराच्या ग्रीन कार्डचे एक प्रकरण

अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या अवलंबितांसाठीच्या व्हिसावर, राहणाऱ्या जोडीदाराला ग्रीन कार्ड कोणत्या मार्गाने मिळवून द्यावे, हा प्रश्न भारतीय कुटुंबांत बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. एच-१बीवर असलेल्या पतीची किंवा पत्नीची फाईल पुढे सरकली की जोडीदाराचीही सरकेल, असे गृहीत धरले जाते आणि सारे कुटुंब त्या एका फाईलमागे वर्षानुवर्षे उभे राहते. पुढे मांडलेल्या प्रकरणात दांपत्याने हे गृहीतक बाजूला ठेवून उपलब्ध मार्ग एकेक करून तपासले, आणि ज्या जोडीदाराला सगळे कागद अवलंबित म्हणत होते तिच्याच जन्माच्या दाखल्यावर दोघांचा प्रश्न सुटला. दांपत्य परिचयातील आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पती भारतात जन्मलेला, अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आणि ऑक्टोबर २०१९ पासून एच-१बीवर काम करणारा. त्याच्या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्यासाठी पर्म, म्हणजे श्रम खात्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज, दाखल केला. तीच त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, ठरली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाला. लग्न त्यानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये झाले. पत्नी स्थापत्य अभियंता. इमारतींच्या संरचनेची गणिते करण्याचा तिला चांगला अनुभव होता. ती २०२३ मध्ये एच-४ वर आली. पतीचा आय-१४० मंजूर असल्याने तिला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता आला. काही महिन्यांनी तो हाती आला आणि तिला एका संरचना सल्लागार कंपनीत नोकरी मिळाली.

वरवर पाहता सगळे सुरळीत होते. पण पतीची रांग भारताची होती, आणि ती रांग म्हणजे काय हे आकड्यांतूनच नीट कळते. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या सुमारे १,४०,००० ठरवली. त्यातील २८.६ टक्के, म्हणजे साधारण ४०,०००, ईबी-२ च्या वाट्याला येतात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत अशी मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांच्या हक्काचा ईबी-२ वाटा वर्षाला २,८०० च्या आसपास राहतो, इतर देशांची उरलेली कार्डे मिळाली तरच तो वाढतो, आणि जोडीदार व मुलेही याच संख्येत धरली जातात. परिणामी २०२४ च्या मध्यास व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या प्रायॉरिटी डेटपर्यंत पाळी आली ते दरमहा सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारतासाठी ईबी-२ ची तारीख २०१२ मध्येच रेंगाळत होती, तर (चीन वगळता) उर्वरित जगासाठी ती २०२३ च्या सुरुवातीपर्यंत पोहोचली होती. २०२१ ची प्रायॉरिटी डेट असलेल्या माणसाने भारताच्या रांगेत किती वर्षे धरावीत याचे प्रामाणिक उत्तर कोणताही वकील देत नाही, कारण बुलेटिनची तारीख कॅलेंडरच्या गतीने चालत नाही. कधी ती महिनोन्महिने हलत नाही, तर कधी मागे जाते.

पत्नीची अडचण याहून जवळची होती. एच-४ वर कामाचा परवाना देणारा नियम २६ मे २०१५ पासून लागू आहे, पण तो अमलात आल्यापासूनच न्यायालयात आव्हानाखाली होता. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो वैध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हे दांपत्य विचार करीत होते तेव्हा यातले काहीच ठरलेले नव्हते. शिवाय तिचा परवाना पतीच्या एच-१बीच्या मुदतीला बांधलेला होता. त्याची नोकरी गेली तर दोघांना मिळून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळाली असती आणि तिचे कामही त्याच दोरीवर लटकले असते. ती स्वतः हे फार नेमकेपणाने मांडत असे: आपण हातात घेतलेले बांधकाम पुरे होईपर्यंत आपल्याला काम करू दिले जाईल की नाही, हे आपल्या कामावर नव्हे, दुसऱ्याच्या कागदावर ठरते. या तक्रारीला मी या प्रकरणाचा खरा आरंभ मानतो, कारण ग्रीन कार्ड लवकर मिळावे ही तिची पहिली मागणी नव्हती. स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असा मार्ग तिला हवा होता.

पहिला विचार साहजिकच तिच्या स्वतःच्या एच-१बीचा झाला. तिची कंपनी तयार होती. एच-४ वर घालवलेला काळ एच-१बीच्या सहा वर्षांत मोजला जात नाही, त्यामुळे तिला पूर्ण सहा वर्षे मिळाली असती आणि पतीच्या नोकरीशी असलेला संबंध तुटला असता. मार्च २०२४ मध्ये एच-१बीच्या सोडतीसाठी तिची नोंदणी झाली. त्या वर्षापासून निवड अर्जांची नव्हे तर व्यक्तींची होऊ लागली होती, त्यामुळे अनेक कंपन्यांकडून एकाच माणसाच्या अनेक चिठ्ठ्या टाकण्याचा जुना लाभ संपला होता. नियमित ६५,००० आणि अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी २०,००० अशा जागा. तिची पदवी भारतातील असल्याने तिला फक्त पहिल्या गटाचा आधार होता. तिची निवड झाली नाही.

मात्र त्या नोंदणीचा अर्ज भरताना एक गोष्ट पुढे आली. अर्जात नागरिकत्वाचा देश आणि जन्माचा देश असे दोन वेगळे रकाने असतात. पत्नीचे वडील तिच्या जन्माच्या वेळी ओमानमध्ये नोकरीला होते आणि तिचा जन्म मस्कतचा; ती चार वर्षांची असताना कुटुंब भारतात परतले. तिच्या भारतीय पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून मस्कत छापलेले होते आणि व्हिसाच्या प्रत्येक अर्जात ते लिहिले गेले होते. नोंदणी करणाऱ्या वकिलाने तो रकाना पाहून तिला विचारले की, पतीच्या ग्रीन कार्डच्या फाईलमध्ये ही गोष्ट कोणी विचारात घेतली आहे का. कोणीच घेतली नव्हती, आणि त्याचे कारणही साधे होते. आय-१४० च्या अर्जात जोडीदाराचा जन्मदेश विचारतात, पण तो अर्ज २०२१ मध्ये, लग्नाआधी भरला गेला होता आणि तो भाग रिकामा होता.

देशनिहाय मर्यादेचा हिशेब नागरिकत्वावर नव्हे, जन्मस्थळावर होतो, हे कायद्यातले मूळ सूत्र आहे. पासपोर्ट भारताचा म्हणजे रांगही भारताचीच, हा समज इतका घट्ट आहे की आखातात जन्मलेली अनेक माणसे स्वतःला निष्कारण भारताच्या रांगेत धरतात. या सूत्राला जोडून १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या कलम २०२(ब)(२) मध्ये एक तरतूद आहे: पती-पत्नींची ताटातूट टाळण्यासाठी एका जोडीदाराला दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या खात्यावर धरता येते. यालाच क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. ही सवलत फक्त मुख्य अर्जदाराकडून अवलंबिताकडे जात नाही; अवलंबित जोडीदाराच्या जन्मदेशाचा लाभ मुख्य अर्जदारही घेऊ शकतो. म्हणजे पत्नीच्या मस्कतच्या जन्मामुळे पतीला ओमानच्या, पर्यायाने उर्वरित जगाच्या तारखेत धरता येत होते, आणि त्या रांगेत २०२१ ची प्रायॉरिटी डेट केव्हाच चालू झालेली, म्हणजे तिची पाळी आलेली, होती.

इथे थोडे थांबून बाकीचे मार्ग का मागे पडले ते पाहायला हवे, कारण हा मार्ग दिसताच बाकी सारे निरर्थक झाले असे मुळीच नव्हते. पत्नीने स्वतःच्या कंपनीकडून पर्म आणि आय-१४० करवून घेतला असता तर ती मुख्य अर्जदार झाली असती आणि ओमानच्या जन्मामुळे तिला उर्वरित जगाची तारीख मिळाली असती. पण प्रायॉरिटी डेट ज्याच्या नावाने मंजुरी आहे त्याचीच असते. पतीची २०२१ ची तारीख तिला वापरता आली नसती. तिची तारीख २०२४ किंवा २०२५ ची झाली असती, आणि २०२२ च्या अखेरीपासून उर्वरित जगासाठीही ईबी-२ मध्ये रांग लागली असल्याने तिला पुन्हा काही वर्षे थांबावे लागले असते. नॅशनल इंटरेस्ट वेव्हरची, म्हणजे कंपनीविना स्वतः अर्ज करण्याची, तीच गत होती. डायव्हर्सिटी व्हिसाच्या, म्हणजे अमेरिकेत कमी लोक येणाऱ्या देशांसाठीच्या, लॉटरीत भारतात जन्मलेल्यांना प्रवेश नसतो, ओमानमध्ये जन्मलेल्यांना तेव्हा होता. ती तिने भरावी असा सल्ला मीही दिला, पण लॉटरीवर आयुष्याची आखणी होत नाही. ईबी-५ साठी, म्हणजे गुंतवणूकदारांच्या वर्गासाठी, किमान ८ लाख डॉलरची गुंतवणूक लागते आणि तो विषय एका संध्याकाळीच संपला. पतीला आधी ग्रीन कार्ड मिळावे आणि मग त्याने पत्नीसाठी कौटुंबिक वर्गातून अर्ज करावा, हा मार्ग लग्न ग्रीन कार्डनंतर झालेल्यांसाठी आहे. इथे लग्न आधीच झालेले असल्याने तिला त्याच्याबरोबर अर्ज करण्याचा हक्क होता.

थोडक्यात, पतीकडे जुनी तारीख होती पण देश अडचणीचा, आणि पत्नीकडे देश सोयीचा होता पण तारीख नव्हती. दोन्ही एकत्र आल्यावरच वाट मोकळी होत होती.

निर्णय घेताना मात्र या मार्गाची अट दोघांनाही नीट समजून घ्यावी लागली, आणि माझ्या मते प्रकरणाचा सर्वांत नाजूक भाग हाच आहे. अशा फाईलमध्ये दोघेही एका अर्थाने मुख्य अर्जदार ठरतात: एकाकडून वर्ग मिळतो, दुसऱ्याकडून देश. म्हणून दोन्ही आय-४८५ अर्ज, म्हणजे अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागण्याचे शेवटच्या टप्प्यातील अर्ज, एकत्रच निकालात निघावे लागतात. पतीचा आधी मंजूर करून पत्नीचा मागे ठेवता येत नाही. मंजुरीपूर्वी विवाह संपला तर पत्नीचा अर्ज निराधार होतो आणि पतीही २०१२ च्या रांगेत परत जातो. नेहमीच्या फाईलमध्ये सगळी जोखीम अवलंबित जोडीदाराच्या अंगावर असते. इथे ती दोघांत विभागली गेली होती, आणि हे दोघांनीही एकमेकांसमोर बसून मान्य केले, याला मी फार महत्त्व देतो. घरात दोघांचे पटत नसेल, एकमेकांवर दबाव असेल, तर हा मार्ग सोयीचा असूनही घातक ठरू शकतो, कारण त्यात प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचे भवितव्य येते. सुदैवाने मंजुरीनंतर ही गाठ उरत नाही. या वर्गातील ग्रीन कार्ड विवाहाच्या दोन वर्षांच्या अटीवर दिलेले नसते. ते पत्नीचे स्वतःचे असते आणि पुढे पतीच्या नोकरीवर किंवा विवाहावर अवलंबून राहत नाही. तिला हवी असलेली स्वतंत्रता तिच्या स्वतःच्या एच-१बीपेक्षा अधिक पक्की होऊन मिळत होती, फक्त मधला काळ एकत्र बांधलेला होता.

त्यानंतरचा उन्हाळा कागदांत गेला. पत्नीच्या घरी जन्माचा जो दाखला म्हणून ठेवला होता तो मस्कतमधील भारतीय वकिलातीने परदेशात जन्मलेल्या भारतीयाची नोंद म्हणून दिलेला इंग्रजी कागद होता. नागरिकत्वासाठी तो पुरेसा होता, पण ग्रीन कार्डसाठी ज्या देशात जन्म झाला त्या देशाच्या मुलकी अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. ओमानचा मूळ दाखला तिच्या आईने सांभाळून ठेवला होता: अरबीत, हाताने भरलेला, शिक्का पुसट झालेला. अरबी लिपीत 'प' साठी अक्षर नाही, त्यामुळे तिच्या नावातील आणि वडिलांच्या आडनावातील 'प' चा 'ब' झालेला होता, आणि भाषांतरकाराने नियमाप्रमाणे जसेच्या तसे भाषांतर केल्यावर इंग्रजी प्रतीत एका वेगळ्याच मुलीचे नाव दिसू लागले. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण त्या भाषेत सक्षम आहोत असे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे त्याला सोयीचे स्पेलिंग लिहायला सांगणे चुकीचे ठरले असते, आणि दांपत्याने ते सांगितले नाही हे योग्यच झाले.

या विसंगतीवर उपाय म्हणून वकिलाने पूरक पुरावे जमवायला सांगितले. वकिलातीची नोंद, जन्मस्थळ मस्कत लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला, आईचे प्रतिज्ञापत्र आणि वडिलांचा रद्द झालेला, कोपरा कापलेला जुना पासपोर्ट, ज्यात त्या वर्षांचे ओमानच्या निवासी व्हिसाचे शिक्के होते. हा पासपोर्ट वरवर अनावश्यक वाटेल, पण कायद्यात आणखी एक तरतूद आहे: ज्या देशात आईवडिलांपैकी कोणाचाही जन्म झालेला नाही आणि जन्मसमयी कोणाचे वास्तव्यही नव्हते, त्या देशात योगायोगाने जन्मलेल्या मुलाला आईवडिलांच्या देशाच्या खात्यावर धरता येते. वडील तिथे रीतसर राहत होते हे दिसल्यावर त्या बाजूने कोणताही प्रश्न उद्भवण्यास जागा उरली नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांचे आय-४८५ एकाच पाकिटात गेले. शुल्क प्रत्येकी १,४४० डॉलर. ईएडीसाठी २६० आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतण्याची परवानगी, यासाठी ६३० डॉलर वेगळे. वरच्या पत्रात पहिल्याच वाक्यात लिहिले होते की, हा अर्ज पत्नीच्या ओमानमधील जन्माच्या आधारे क्रॉस-चार्जेबिलिटीने केला आहे. हे सांगण्याचे कारण असे की, अर्ज स्वीकारणारा कर्मचारी मुख्य अर्जदाराचा जन्मदेश आणि बुलेटिनची तारीख ताडून पाहतो. भारत आणि २०२१ ही जोडी दिसली आणि स्पष्टीकरण दिसले नाही, तर पाकीट परत येण्याचा धोका असतो. विवाहाचा दाखला आणि पत्नीचा जन्मदाखला त्या पत्राच्या लगेच खाली लावला होता.

वकिलाने आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली: नवे ईएडी हाती आले तरी एच-१बी आणि एच-४ सोडू नयेत. पत्नीने एच-४ च्या परवान्यावरच काम सुरू ठेवले. आय-४८५ काही कारणाने नाकारला गेला असता तर मूळ दर्जा शाबूत राहिला असता. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो आणि दोन परवाने सांभाळणे खर्चाचेही असते, पण मला तो पूर्णपणे पटतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वी मिळणारी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ बंद झाली, हे पाहता एकाच कागदावर विसंबून राहणे नंतरच्या अर्जदारांना तर अधिकच महाग पडू शकते.

वसंतात अधिकाऱ्याकडून अधिक पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई, आली. अपेक्षेप्रमाणे ती नावाबद्दल होती. अरबी दाखल्यातील मुलगी आणि अर्जदार एकच कशावरून, असा तिचा आशय होता. उत्तरात पूरक कागद पुन्हा क्रमाने लावले, अरबी लिपीतील अक्षरांविषयी भाषांतरकाराची अर्ध्या पानाची टिप जोडली आणि आईने प्रतिज्ञापत्रात जन्माचे रुग्णालय, वडिलांची तेव्हाची नोकरी आणि भारतात परतल्याचे वर्ष लिहिले. याच काळात पतीच्या विभागात कर्मचारी कपातीची चर्चा सुरू झाली होती. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाल्यावर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामासाठी दुसऱ्या कंपनीत जाता येते आणि फाईल टिकते. ती मुदत एप्रिल २०२५ मध्ये पुरी झाली, आणि तोवर नोकरीही टिकली. जुलैमध्ये दोघांचे अर्ज एकाच दिवशी मंजूर झाले.

ज्यांना हे प्रकरण आपल्याला लागू पडेल असे वाटते त्यांनी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. जन्मदेशाचा हा लाभ जोडीदाराकडून मिळतो, आणि मुलांनाही तो आईवडिलांकडून मिळतो. आईवडिलांना तो मुलांकडून मिळत नाही. दुबईत किंवा सिंगापूरमध्ये झालेल्या बाळाच्या आधारे रांग बदलता येईल या आशेने लोक चौकशी करतात, तेव्हा उत्तर नाही असेच असते. जोडीदार आखातात, नेपाळमध्ये, पूर्व आफ्रिकेत, ब्रिटनमध्ये, कोठेही जन्मलेला असेल, तर आपल्या कंपनीच्या वकिलाला ते लेखी कळवावे, विशेषतः लग्न आय-१४० नंतर झाले असेल तर, कारण त्याच्या फाईलमध्ये ती माहिती असण्याचे काही कारणच नसते. आणि त्या देशाचा मूळ जन्मदाखला, तारीख चालू होण्याची वाट न पाहता, आधीच मागवून ठेवावा. या प्रकरणात तो आईकडे होता. नसता तर ओमानमधून तीस वर्षांपूर्वीची नोंद मिळवण्यात आणखी किती काळ गेला असता हे सांगता येत नाही, आणि तेवढ्या काळात बुलेटिनची तारीख मागे सरकणे अशक्य नव्हते.

पत्नीने मंजुरीनंतर दोन महिन्यांनी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी तिला पुलांच्या संरचनेचे काम मिळाले आहे, जे तिला लग्नाआधीपासून करायचे होते. नागरिकत्वासाठीची पाच वर्षे तिच्या स्वतःच्या कार्डाच्या तारखेपासून मोजली जातील.